न दिसणारे आकाश : रेडिओ ज्योतिषशास्त्राची ओळख



मृग नक्षत्र लागले की आपल्या भालकी-हुमनाबादच्या पट्ट्यात संध्याकाळी आभाळ भरून येते. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल आणि त्यावर गुलबर्गा आकाशवाणी लागलेली असेल, तर वीज चमकताच गाण्यामध्ये 'कर्र' असा आवाज येतो. वीज डोळ्यांना दिसते त्याच क्षणी तो आवाज येतो, गडगडाट मात्र मागाहून ऐकू येतो. ह्याचे कारण काय, असा प्रश्न मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात विचारतो. उत्तर सोपे आहे. विजेच्या लोळातून प्रकाश निघतो तसेच रेडिओ तरंगही निघतात आणि दोघांचा वेग सारखाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर असतो. ट्रान्झिस्टरने त्या विजेची रेडिओतील चमक पकडलेली असते.

ह्याच करकरीचा शोध घेता घेता विसाव्या शतकातील एका मोठ्या शास्त्राचा जन्म झाला. ते शास्त्र म्हणजे रेडिओ ज्योतिषशास्त्र. त्याची ओळख करून देणे हा ह्या लेखाचा हेतू आहे. ही केवळ परदेशची कथा आहे असे समजू नका. ह्या शास्त्राची जगातील एक अग्रगण्य दुर्बीण पुणे जिल्ह्यात खोडद ह्या खेडेगावाजवळ उभी आहे आणि तिच्या तबकड्यांच्या शेजारी शेतकरी पिके घेत आहेत.

करकरीचा उगम

१९३०च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण अभियंता काम करीत होता. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओवरून दूरध्वनी चालविताना जो खरखराट येतो तो कोठून येतो, हे शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने सुमारे ३० मीटर लांबीचा एक आकाशक, म्हणजे अँटेना, तयार केला आणि फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवून तो गोल फिरविण्याची सोय केली. हा आकाशक १४.६ मीटर लांबीचे तरंग टिपत असे.

जान्स्कीला तीन प्रकारचा खरखराट आढळला. पहिला जवळच्या वादळांचा आणि दुसरा दूरच्या वादळांचा. तिसरा मात्र वेगळाच होता. तो मंद, अखंड आणि फुसफुसल्यासारखा होता. तो रोज एकदा तीव्र होई. प्रारंभी तो सूर्याकडून येत असावा असे जान्स्कीला वाटले. पण महिने जात राहिले तसा हा खरखराट रोज चार मिनिटे लवकर येऊ लागला. म्हणजे त्याची आवृत्ती २४ तासांची नसून २३ तास ५६ मिनिटांची होती.

ह्या चार मिनिटांचे महत्त्व आपल्याकडील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. अमुक नक्षत्र आज ज्या वेळी उगवते त्यापेक्षा उद्या चार मिनिटे आधी उगवते. दिवसाला चार मिनिटे म्हटली की वर्षाला १,४६० मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दिवस होतो आणि नक्षत्र पुन्हा मूळच्या वेळेवर येते. जान्स्कीचा खरखराट सूर्याच्या घड्याळाने चालत नव्हता, ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होता. त्याची दिशा धनू राशीकडे होती. आपल्या आकाशगंगेचे केंद्र त्याच दिशेला, मूळ नक्षत्राच्या जवळ आहे. जान्स्कीने हा निष्कर्ष १९३३ साली प्रसिद्ध केला.

आश्चर्य असे की ज्योतिषशास्त्रज्ञांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. ग्रोट रेबर ह्या एकाच हौशी अभियंत्याने ते मनावर घेतले. त्याने १९३७ साली स्वखर्चाने, घराच्या परसात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली आणि पुढे काही वर्षांनी रेडिओ आकाशाचा पहिला नकाशा तयार केला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इंग्लंडमधील रडार यंत्रांना अडथळा करणारे तरंग सूर्याकडून येत असल्याचे जे. एस. हे यांनी दाखविले. युद्ध संपल्यावर रडारवर काम केलेले शास्त्रज्ञ ह्या नव्या क्षेत्राकडे वळले आणि इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व हॉलंड येथे संशोधन झपाट्याने सुरू झाले.

वातावरणाच्या दोन खिडक्या

विश्वातून आपल्याकडे गॅमा किरणांपासून रेडिओ तरंगांपर्यंत अनेक प्रकारचे विद्युत् चुंबकीय प्रारण येते. परंतु पृथ्वीचे वातावरण त्यापैकी बहुतेक अडवते. त्याला ठळक अशा दोनच खिडक्या आहेत. एक दृश्य प्रकाशाची. ती फारच अरुंद आहे. दुसरी रेडिओ तरंगांची. ती काही मिलिमीटरपासून सुमारे १५ ते ३० मीटर तरंगलांबीपर्यंत पसरलेली आहे.

ह्यापेक्षा लांब तरंग आयनांबरावर आपटून परत अवकाशात जातात. आयनांबराचा हा गुण आपल्या परिचयाचा आहे. पूर्वी रात्री सिलोन रेडिओ आपल्या गावात लागत असे, तो ह्याच थरावरून परावर्तित होऊन येत असे. जो थर सिलोनची गाणी आपल्यापर्यंत पोचवीत होता, तोच विश्वातून येणारे लांब तरंग बाहेरच्या बाहेर परतवीत होता.

एक सूत्र पाठ करून ठेवावे. कंप्रता मेगॅहर्ट्झमध्ये असेल तर ३०० ला तिने भागावे, म्हणजे तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ३०० मेगॅहर्ट्झ म्हणजे १ मीटर, १,४२० मेगॅहर्ट्झ म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर. ह्या दोन्ही संख्या पुढे लागणार आहेत.

एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "सर, रेडिओ दुर्बिणीत ताऱ्यांचा आवाज ऐकू येतो का?" प्रश्न चांगला आहे, कारण हा गैरसमज पुष्कळांचा असतो. ध्वनीला प्रवासासाठी माध्यम लागते आणि ताऱ्यांमधील पोकळीतून तो आपल्यापर्यंत येऊ शकत नाही. रेडिओ तरंग हा ध्वनी नव्हे, तो प्रकाशाचाच मोठा भाऊ होय. आकाशवाणीचे गाणे आपल्या संचातील कर्ण्यात ध्वनी बनते, वाटेत ते रेडिओ तरंग असते. दुर्बिणीतून मिळतात त्या विद्युत् संकेतांच्या नोंदी. त्यांवरून संगणक आकाशाचे चित्र तयार करतो.

दुर्बीण एवढी मोठी का लागते?

दोन जवळचे बिंदू वेगळे ओळखण्याची दुर्बिणीची शक्ती एका साध्या गुणोत्तरावर अवलंबून असते. तरंगलांबीला दुर्बिणीच्या व्यासाने भागले की जो कोन येतो, त्याहून लहान तपशील तिला दिसत नाही. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असते, त्यामुळे आपल्या डोळ्याची लहानशी बाहुलीही पुष्कळ तपशील पाहू शकते. रेडिओ तरंग त्याच्या लक्षावधी पट लांब आहेत.

उदाहरण घ्या. तरंगलांबी १ मीटर आणि तबकडीचा व्यास ४५ मीटर. एकास पंचेचाळिसाने भागले तर सुमारे सव्वा अंश येतो. पूर्ण चंद्राचा व्यास अर्धा अंश असतो. म्हणजे एवढी अवाढव्य तबकडीदेखील अडीच चंद्रांएवढ्या पट्ट्यातील सर्व काही एकाच डागासारखे पाहणार! डोळ्याइतके स्पष्ट पाहायचे तर काही किलोमीटर व्यासाची तबकडी हवी, आणि ती बांधणे अशक्य आहे.

ह्यावर शास्त्रज्ञांनी व्यतिकरणाची युक्ती योजली. अनेक लहान तबकड्या दूरदूर ठेवायच्या, सर्वांनी एकाच वेळी एकाच स्रोताकडे पाहायचे आणि त्यांचे संकेत जोडी-जोडीने एकत्र करायचे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तशी प्रत्येक जोडीची स्रोताच्या संदर्भातील दिशा बदलते. ८-१० तास निरीक्षण केले की जणू मोठ्या तबकडीचे बरेच भाग भरून निघतात. तबकड्यांमधील कमाल अंतर २५ किलोमीटर असेल तर १ मीटर तरंगलांबीला सुमारे ८ विकलांचा तपशील मिळतो, म्हणजे एकट्या तबकडीच्या ५०० पटींहून अधिक सूक्ष्म. केंब्रिजचे मार्टिन राइल हे ह्या पद्धतीचे एक प्रमुख जनक. त्यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कल्याण, उटी आणि खोडद

भारतात हे शास्त्र रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने प्रा. गोविंद स्वरूप यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वारा येथे झाला. अलाहाबाद विद्यापीठातून एम्. एस्सी. झाल्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियात आणि पुढे अमेरिकेत संशोधन केले. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६३ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी वापरून झालेल्या ६ फुटी ३२ तबकड्या भारताला दिल्या होत्या. त्या वापरून स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी आपली पहिली रेडिओ दुर्बीण उभारली. दुसऱ्याने वापरलेल्या साहित्यातून हा आरंभ झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी पायरी उटीची. १९७० साली निलगिरीतील मुथोरै येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी अन्वस्त आकाराच्या पन्हळीसारखी दुर्बीण पूर्ण झाली. तिची जागा निवडण्यातील बुद्धी पाहण्यासारखी आहे. तेथील अक्षांश सुमारे ११ अंश. स्वरूप यांनी उत्तर-दक्षिण दिशेने तेवढ्याच उताराची टेकडी शोधली आणि दुर्बीण त्या उतारावर निजविली. त्यामुळे तिचा आस पृथ्वीच्या आसाशी आपोआप समांतर झाला. आता ती एकाच आसाभोवती सावकाश फिरविली की स्रोताचा सुमारे साडेनऊ तास पाठलाग करता येतो. जे काम करायला महागडी यंत्रणा लागली असती, ते निसर्गाच्या उताराने केले.

ह्या दुर्बिणीने चंद्राचा उपयोगही असाच करून घेतला. चंद्र आकाशात दर सेकंदाला सुमारे अर्धा विकला सरकतो. तो एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून जाताना स्रोत नेमका कोणत्या क्षणी लपला आणि कोणत्या क्षणी उघडा झाला हे मोजले, तर स्रोताचे स्थान व आकार अचूक कळतो. ह्याला पिधान म्हणतात. उटी येथे ह्या पद्धतीने शेकडो दूरस्थ स्रोतांचा अभ्यास झाला.

कन्नड विभागातील मित्रांसाठी एक उल्लेख आवश्यक आहे. आपल्याच राज्यात, बेंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे रामन संशोधन संस्था व भारतीय खभौतिकी संस्था यांनी १९७०च्या दशकात ३४.५ मेगॅहर्ट्झवर चालणारी, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रेडिओ दुर्बीण उभारली. सुमारे ९ मीटर लांबीच्या तरंगांत आकाशाचे नकाशे काढण्याचे काम तेथे झाले.

तिसरी पायरी म्हणजे खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जी. एम. आर. टी. जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेस ती आहे. १९९०च्या दशकात तिची उभारणी झाली आणि २००२ पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या तेथे आहेत. त्यांपैकी १४ मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटर भागात आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर आहेत. त्यांचा पसारा २५ किलोमीटरचा आहे. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, हे तुम्ही गणिताने पडताळून पाहा.

शेतकऱ्याच्या हिशेबाने बोलायचे तर एका तबकडीचे तोंड सुमारे पावणेसोळा गुंठ्यांचे आहे आणि तिसांचे मिळून पावणेबारा एकर होते. एवढी मोठी लोखंडी परात वाऱ्यात टिकवायची तर खर्च अफाट झाला असता. स्वरूप यांनी येथेही युक्ती काढली. मीटरभर लांबीच्या तरंगाला परावर्तित करण्यासाठी सलग पत्रा लागत नाही, कारण तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान अशी भोके त्याला जाणवत नाहीत. म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारांची जाळी विणली आणि ती दोरखंडांनी ताणून आकारात आणली. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. हे सर्व आपल्या देशातच तयार झाले.

जागेची निवडही विचारपूर्वक होती. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी, वाऱ्याचा वेग मर्यादित, आयनांबराचा त्रास वाढतो त्या भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे दूर, तरी दक्षिण आकाश बरेचसे दिसेल इतके दक्षिणेला, आणि पुण्यासारखे शहर जवळ. दुर्बिणीचा कारभार पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्राकडे आहे. प्रा. स्वरूप यांचे ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निधन झाले.

ह्या दुर्बिणींनी काय दाखविले?

१) हायड्रोजनचे विश्व. विश्वातील सर्वांत विपुल मूलद्रव्य हायड्रोजन. थंड, अंधाऱ्या अवकाशातील हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याच्या अणूतील इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या परिवलनाची परस्पर दिशा बदलली की २१ सेंटिमीटर लांबीचा तरंग बाहेर पडतो. हॉलंडच्या व्हान द हुल्स्ट यांनी हे भाकीत १९४४ साली केले आणि १९५१ साली हार्वर्डमध्ये युएन व पर्सेल यांनी तो तरंग पकडला. आपल्या आकाशगंगेचे सर्पिल बाहू ह्या तरंगामुळे रेखाटता आले.

येथे खोडदचे काम पाहण्यासारखे आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेकडून येणारा तरंग ताणला जातो. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला २१ सेंटिमीटरचा तरंग आज ४२ सेंटिमीटरचा होऊन पोचतो. एवढ्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा संकेत गोंगाटात पूर्ण बुडालेला असतो. पुण्याच्या व बेंगळूरच्या शास्त्रज्ञांनी साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली. गोंगाट कधी वर, कधी खाली असल्याने तो एकमेकांत जिरतो. खरा संकेत मात्र शिल्लक राहतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ह्या कामातून कळले की त्या दीर्घिका नवे तारे इतक्या वेगाने घडवीत होत्या की त्यांच्याजवळचा हायड्रोजन एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. विश्वात ताऱ्यांचे जन्म पूर्वी भरपूर होते आणि नंतर मंदावले, ह्याचे एक कारण त्यामुळे हाती आले. कणगीत धान्याची नवी भर पडली नाही आणि खर्च मात्र चालू राहिला, असा हा प्रकार.

२) पल्सार. १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल ह्या संशोधक विद्यार्थिनीला नोंदीच्या कागदावर एक बारीकशी खूण आढळली. दर १.३३७ सेकंदांनी एक स्पंद येत होता, तोही घड्याळासारखा नियमित. प्रारंभी त्याला गमतीने परग्रहावरील छोट्या माणसांचे नावही दिले गेले. पुढे कळले की हे अत्यंत दाट न्यूट्रॉन तारे असून ते दीपगृहासारखे फिरताना त्यांचा झोत आपल्यावरून जातो. ह्या शोधासाठी १९७४ चे नोबेल पारितोषिक राइल यांच्याबरोबर बेल यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना मिळाले, बेल यांना नाही. ह्यावर आजही चर्चा होते. तुमच्यापैकी मुलींनी ही गोष्ट जरूर वाचावी. नोंदीतील नगण्य खूण दुर्लक्षू नये, हा त्यातील पहिला धडा होय.

पल्सार ही आज विश्वाची घड्याळे झाली आहेत. अनेक पल्सारांच्या स्पंदांची वर्षानुवर्षे वेळ मोजून गुरुत्वीय तरंगांची पार्श्वभूमी शोधण्याचे काम जगातील काही गट करतात. जून २०२३ मध्ये तिचा पुरावा मिळाल्याचे त्यांनी जाहीर केले. त्यात भारतीय गट होता आणि खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे होती.

३) स्रोतांची मोजणी. एक साधे गणित करू. रेडिओ स्रोत सर्वत्र सारखे पसरलेले आहेत आणि विश्व सदासर्वकाळ सारखेच आहे असे धरा. दुप्पट अंतरावरील स्रोत चौपट मंद दिसतो, पण दुप्पट त्रिज्येच्या गोलात आठपट घनफळ मावते. म्हणून तेजाची मर्यादा चौपट खाली आणली तर स्रोतांची संख्या आठपट व्हावी. राइल यांनी मोजणी केली तेव्हा मंद स्रोत त्याहूनही जास्त निघाले. मंद म्हणजे दूरचे आणि दूरचे म्हणजे प्राचीन. तेव्हा पूर्वीचे विश्व आजच्यापेक्षा वेगळे होते, असा राइल यांचा निष्कर्ष होता.

विश्व सदैव एकसारखे असते असे मानणारा स्थिर स्थिती सिद्धान्त त्यामुळे अडचणीत आला. १९६१च्या सुमारास त्या वादात फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी म्हणून स्थिर स्थितीची बाजू मांडणारा एक तरुण होता. तो म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर. पुढे उटीच्या निरीक्षणांवरून स्वरूप व विजय कपाही यांनी १९७५ साली रेडिओ स्रोतांच्या आकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याचा कल उत्क्रांत होणाऱ्या विश्वाच्या बाजूने होता. विशेष असे की नारळीकरांनी पुण्यात १९८८ साली स्थापन केलेली आयुका ही संस्था आणि स्वरूप यांचे रेडिओ केंद्र एकाच विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी उभी राहिली. मतभेद असणारे लोक शेजारी राहून एकाच शास्त्राची सेवा करू शकतात, हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

४) आरंभाची ऊब. १९६५ साली बेल प्रयोगशाळेतील पेंझियास व विल्सन यांना सर्व दिशांनी सारखाच येणारा मंद गोंगाट आढळला. आकाशकात कबुतरांनी केलेली घाण साफ केली, तरी तो गेला नाही. तो विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेचा अवशेष होता. त्याचे तापमान आज केवल शून्याच्या वर सुमारे २.७ अंश आहे. महास्फोट सिद्धान्ताचा हा भक्कम आधार मानला जातो. दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या दूरचित्रवाणी संचावर केंद्र लागले नाही की जे पांढरे ठिपके नाचत, त्यांतील एक अल्पसा अंश ह्याच प्रारणाचा असे.

शांतता कोणी पाळायची?

आता एका अवघड प्रश्नाकडे येऊ. रेडिओ दुर्बिणीला मिळणारे संकेत किती क्षीण असतात? त्यांचे एकक जान्स्कीच्याच नावाने ओळखले जाते. एक जान्स्की तेजाचा स्रोत, खोडदच्या तबकड्यांचे सगळे पावणेबारा एकर आणि ३२ मेगॅहर्ट्झचा पट्टा धरून हिशेब केला, तर एक ज्यूल ऊर्जा गोळा व्हायला सुमारे २० लाख वर्षे लागतील. एक ज्यूल म्हणजे शंभर ग्रॅमचा एक पेरू जमिनीवरून मीटरभर उचलायला लागणारी ऊर्जा! आणि एक जान्स्की हा तर ठळक स्रोत समजला जातो.

उलट, एक वॅट शक्तीचा मोबाईल फोन चंद्रावर ठेवला आणि त्याचे प्रारण २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आहे असे मानले, तर पृथ्वीवर तो सुमारे २७० जान्स्कींचा, म्हणजे आकाशातील अत्यंत तेजस्वी रेडिओ स्रोतांच्या पंक्तीतला दिसेल. मग तोच फोन दुर्बिणीशेजारी चालू असला तर काय होईल, ह्याची कल्पना करा. म्हणूनच दुर्बिणीजवळ गेल्यावर फोन बंद ठेवावे लागतात. परिसरात रेडिओ गोंगाट करणाऱ्या उद्योगांवर मर्यादा येतात.

अलीकडे हा प्रश्न अधिक तीव्र झाला. प्रस्तावित पुणे-नाशिक जलद रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगाव भागातून जाणार होता. विजेवर चालणारी गाडी व तिची संदेशयंत्रणा दुर्बिणीच्या कामात अडथळा आणील म्हणून तो मार्ग बदलण्याची भूमिका सरकारने घेतली आणि त्या भागातील लोकांत नाराजी पसरली. त्यांचे म्हणणे क्षुल्लक नाही. टोमॅटो, कांदा, द्राक्ष पिकविणाऱ्या शेतकऱ्याला वेळेत बाजार गाठायचा असतो, मुलांना शिक्षणासाठी शहरात जायचे असते. बीदर जिल्ह्यातील आपल्या लोकांना रेल्वेची वाट पाहणे म्हणजे काय हे चांगले ठाऊक आहे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रेल्वेचा मार्ग वळविता येतो, पण तीस तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि तशी शांत जागा आता मिळणेही दुर्मीळ झाले आहे. माझ्या मते खरी चूक ह्या दोहोंत निवड करावी लागण्याची वेळ येऊ देण्यात आहे. ज्या गावांनी विश्वाच्या अभ्यासासाठी शांतता पाळली, त्यांना त्या शांततेचा मोबदला चांगले रस्ते, शिक्षण आणि सोयी ह्यांच्या रूपाने आधीच मिळायला हवा होता. शास्त्राने लोकांकडून काही मागितले तर त्याने लोकांना विश्वासात घेतलेच पाहिजे. लोकांच्या भाषेत बोलणे हा त्याचा पहिला भाग होय. अशा लेखांची गरज मला त्यासाठीच वाटते.

आता तर गोंगाट आकाशातूनही येऊ लागला आहे. हजारो दळणवळण उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आहेत आणि त्यांतून नकळत निसटणारे तरंगही दुर्बिणींना जाणवतात, असे २०२३ साली युरोपातील निरीक्षणांत आढळले. तेथे कोणत्याही एका गावाची संमती पुरेशी नाही.

समारोप

"ह्याचा उपयोग काय?" असे पालक विचारतात, तेव्हा दोन उत्तरे देता येतात. एक म्हणजे, अशा क्षीण संकेतांसाठी घडलेली तंत्रे पुढे दळणवळणात, वैद्यकीय चित्रणात आणि संगणकात कामी येतात. दुसरे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. जान्स्कीला खरखराट ऐकू आला तो त्याने 'अडथळा' म्हणून सोडून दिला नाही, चार मिनिटांचा फरकही त्याने मोजला. बेल यांनी कागदावरची बारीक खूण पाहिली. स्वरूप यांनी दुसऱ्यांनी दिलेल्या जुन्या तबकड्यांतून सुरुवात केली आणि टेकडीचा उतार कामाला लावला. ह्या कशालाही प्रारंभी फार मोठे भांडवल लागले नाही. लागली ती चिकाटी आणि लक्ष.

दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथे आज 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' ही प्रचंड दुर्बीण उभी राहत आहे. तीत १,२५० कोटी रुपयांच्या भारतीय सहभागाला मंजुरी मिळाल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. तिच्यावर काम करणारे विद्यार्थी कोठून तरी यावेच लागणार आहेत. ते खटकचिंचोळीतून का येऊ नयेत?

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि दुर्बीण जवळून पाहता येते. आपल्या महाविद्यालयातून दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एकदा तेथे जावे. आकाश, नक्षत्र, तरंग हे शब्द मराठीत आहेत तसे कन्नडातही आहेत, त्यामुळे वाटेतील गप्पांना दुभाषी लागणार नाही. तोपर्यंत एक घरचा अभ्यास करा. कोणताही एक ठळक तारा निवडा, तो समोरच्या घराच्या धाब्याआड किंवा झाडाआड कोणत्या वेळी जातो ते एकाच जागी उभे राहून आठ दिवस वहीत लिहा. रोजचा चार मिनिटांचा फरक तुमच्या स्वतःच्या नोंदीत दिसला, की जान्स्कीला काय सापडले होते ते तुम्हांला पुस्तकावाचून समजेल.